सात लाकडी अक्षरं

सोम. ७ जाने. १९७४
ड्रॉइंग ऑफिसात आज ट्रेसिंग कमी. सव्वीसला कंपनीच्या स्नेहसंमेलनात नाटक, ‘घड्याळ पुढे आहे’. मी त्यात नाही, पण पोस्टर माझ्या गळ्यात. चिंचवडला दामल्यांच्या प्रेसमध्ये मोठा टाईप एकच, काटकुळा. त्यातला ळ हरवलाय. “ल लावू?” म्हणाले. नको म्हटलं. मीच काढते.

गुरु. १०
कारखान्याची गुरुवारची सुट्टी. आमच्या नानांनी लहानपणी शिकवला तसा बोरू धरला. अक्षरांच्या दांड्यांना खाली छोटी टाच दिली, पाय रोवून उभी राहतात. बिनदांड्याची नुसती गोल. सहा कागद वाया. घ बघून आई म्हणाली, “हा जेवून आलेला दिसतोय.”

शुक्र. ११
दामल्यांना पसंत. पण लाकडात कोरणार कोण? पॅटर्न शॉपमध्ये गेले. तिथे तळवड्याचे तुकारामभाऊ, ओतकामाचे लाकडी नमुने करतात. कागद बराच वेळ धरून बसले.
“हुईल की ताई. पर छापायचं म्हंजे उलटं कोराया लागंल ना?”
ट्रेसिंग पेपर पालथा करून हातात दिला. हसले. जेवणाच्या सुट्टीत कोरणार.

मंगळ. १५
आमच्या जोशीसाहेबांनी कागद पाहिले. “ही ड्रॉइंगवर चालायची नाहीत.” ड्रॉइंगसाठी नाहीत सर. “हात बिघडेल तुमचा.” दिवसभर तेच डोक्यात. नोकरी हातावरच आहे. निघताना आजची सगळी ड्रॉइंग्ज पुन्हा तपासली. अक्षर ठीक आहे, बहुतेक.

सोम. २१
सातही तयार, सागवानी. कामावरून सुटून तु.भाऊ आणि मी प्रेसवर. ओळ लावली तर चौकटीत बसेना. पाव इंच जास्त. माझं माप तर बरोबर. पाच दिवस राहिलेत. तु.भाऊ आपली पट्टी न्याहाळत होते, मग कपाळाला हात. पट्टी आटणीची. लोखंड गार होताना आटतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी मुळातच मोठी.
“अक्षरं काय आटत न्हाईत, ताई. सवय झाली.”
तिघंही किती वेळ हसलो. मग त्यांनी शिरोरेषांची टोकं दोन्हीकडून तासली. बसली ओळ. शिरोरेषाही नीट जुळली. पहिला कागद ओला असतानाच घरी आणला.

बुध. २३
पोस्टरं लागली. गेटवर, कँटीनमध्ये, स्टेशनाजवळ. तांबडी शाई. गेटवर दोघे वाचत होते, “नाटक घरगुती असणार राव, अक्षरंच सांगतायत.” मी शेजारीच उभी.

सोम. २८
नाटक रंगलं, लोक मागे उभे होते. आज दामले म्हणाले, पूर्ण वर्णमाला करा, गिऱ्हाइकं पोस्टरांना हीच अक्षरं मागतायत. तु.भाऊंना विचारलं. मार्चअखेर निवृत्त होतायत ते.
“तवर कोरतो की. पर हत्यारं पॅटर्न शापातली, सायबाची सही पायजे.”
साहेब म्हणजे जोशीसाहेबच, पॅटर्न शॉपही त्यांच्याकडेच.

मंगळ. २९
अर्ज दिला. साहेबांनी वाचला. ड्रॉवर उघडून त्यांनी आमचं पोस्टर काढलं, घडी न घातलेलं.
“या आ ची टाच उजवीकडे जास्त गेलीय.”
हो सर. बदलते.
“बदलू नका.”
अर्ज पेपरवेटखाली ठेवला. सही केली नाही, परतही दिला नाही. घरी येऊन क काढला. उद्या ख.