चपला घालूनच आत ये

सूनबाई,

हॉलभर काचा आहेत, चपला काढू नकोस. माशांच्या टाकीचा हीटर फरशीवरच्या पाण्यात पडलाय म्हणून मेन स्विच बंद केलाय, चालू करू नकोस. माझा फोन भिजला, म्हणून लिहितेय.

तू कामाला गेल्यावर तुझा नवरा हातोडी घेऊन टाकीसमोर उभा राहिला. "एवढ्या वजनानं मजला खाली येईल," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, तिनं इंजिनियरला दाखवून बीमवर, भिंतीला लावून ठेवलीय. फरशीला साधा तडा नाही."

"आधी मासे, मग ती," म्हणाला आणि घाव घातला. पाण्याच्या लोंढ्यानं मी आडवी झाले. तो तडफडणारे मासे शोधून शोधून बुटाखाली चिरडत होता. मग हातोडी मांडीवर घेऊन दाराशी खुर्ची टाकून बसला, तुझी वाट बघत.

पाईप आवळायचा तुझा पान्हा मी उचलला आणि पोटच्या पोराच्या मनगटावर हाणला. हातोडी सुटेना, म्हणून पुन्हा हाणला. हाड मोडलेलं ऐकू आलं.

खालच्या वहिनींनी ॲम्ब्युलन्स बोलावलीय, पोलीसही. मी खरं तेच सांगणार. वहिनींचं छत गळतंय, चार शब्द बोलल्या तर ऐकून घे. वाचलेले मासे बाथरूमच्या बादलीत आहेत, बॅटरीचा पंप लावलाय.

दवाखान्यात येऊ नकोस. मासे घे आणि माहेरी जा. उद्या मी रडून बोलावलं तरी परत येऊ नकोस. तेव्हा मी त्याची आई म्हणून बोलत असेन.