देवाच्या फळीवरची डिस्क

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी सकाळी देवाला फूल वाहिलं आणि त्याच हाताने एक डिस्क पोथीखाली सरकवली. घरात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही अशी तेवढीच एक जागा आहे.

डिस्क आपल्या अंतराळयानाच्या मालिकेची, शेवटच्या भागाची. लहानपणी आपण मास्तरांच्या खिडकीत लटकून पाहायचो तीच मालिका. मी सगळे भाग विकत आणले आणि रविवारची जेवणं झाली की लेकीला दाखवतो. पहिल्या भागाला ती पोट धरून हसली. यानाची बटणं म्हणजे बाटल्यांची झाकणं आहेत, म्हणाली. आहेतच, आपल्याला कधी दिसली नाहीत. तिसऱ्या भागापासून हसणं थांबलं. आता कप्तानावर संकट आलं की उशी कवटाळते, अगदी तुझ्यासारखी. मी पडद्यापेक्षा तिच्याकडेच जास्त बघतो.

शेवटच्या भागाची वेळ आली तेव्हा डिस्कवर चरा पडलाय असं तिला सांगून टाकलं. चष्म्याच्या काचांवरचे चरे शोधण्यात माझा जन्म गेला, तेव्हा तिने मान्य केलं. असं का केलं ते आज लिहवत नाही.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं काय ठरलं? डॉक्टर म्हणाले ते जसंच्या तसं कळव. माझ्यासाठी गोड करून लिहू नकोस. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ऑपरेशन वीस तारखेला. एक डोळा कधीच गेला, तेव्हा सारी भिस्त याच्यावर. दिसेलच असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. तुझे भावोजी दिवसातून चारदा विचारतात, भीती वाटते का. मी नाही म्हटलं की त्यांच्याच हातातला चहा गार होतो.

खरं सांगू? वाटते. मग मी तो शेवटचा भाग आठवते. मला गोवर आला होता, खोली अंधारी केलेली, आणि तू दाराबाहेर बसून सगळं सांगितलंस. यान उतरलं, कप्तान बाहेर आला, तळावर वाट बघणारी त्याची बहीण आधी त्याला रागावली आणि मग तिने जवळ घेतलं. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसले. एखादी लाइन लागेना झाली की मी मनात म्हणायचे, तो आला होता की.

पण मी ते पाहिलं नाही कधी. दिसतंय तोवर एकदा पाहायचंय. चरा असला तर घासून पाठव. गावाला काचा घासून देतोस, बहिणीसाठी एक तबकडी जड झाली का? भाचीला सांग, आत्याही उशी घेऊन बसणार आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई


१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डिस्कवर चरा नाही. त्या भागात कप्तान परत येत नाही.

दाराआड तू कण्हत होतीस. आईने बजावलं होतं, तिला रडवू नकोस, डोळ्यांना सोसणार नाही. म्हणून यान मीच उतरवलं. बहिणीचं रागावणंही माझंच, तू मला रागवायचीस तसं. बरी झालीस की सांगू, म्हणत अडतीस वर्षं गेली.

बायकोचं मत पडलं की ऑपरेशन होईपर्यंत चरा राहू द्यावा. मलाही ते सोयीचं वाटलं. दोन दिवस देवापुढे बसलो, पण डोळे मिटले की पोथीखालचीच वस्तू दिसायची. आज सकाळी पोथी उचलली आणि लेकीला हाक मारली.

कप्तानाचा आवाज तुटला तिथे मी आपसूक उठलो. लेकीने सदरा धरून खाली बसवलं, अजून संपलं नाही म्हणाली. ताई, लहानपणी मी तिथेच खिडकीतून उडी टाकून घराकडे पळालो होतो. पुढचं मी कधी पाहिलंच नव्हतं. डिस्क आणल्यापासूनही हा भाग लावला नव्हता.

तळावरचे दिवे जातात. बहीण अंधारातच यंत्रापाशी बसून राहते. आणखी अकरा यानं वाटेत असतात, त्यांना ती एकेक करून वाट सांगते. आवाज कापतो तिचा, पण सांगते. अकराही उतरतात.

लेकीने विचारलं, हे पाहूनच आत्याने टेलिफोनची नोकरी धरली का. तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. तिने डिस्क काढून माझ्या हातात ठेवली. मग म्हणाली, आधी आत्याला खरं लिहा, डिस्क नंतर पाठवा.

मी माझा स्वभाव ओळखून आहे. लिहिलेलं पत्र खिशातच राहिलं असतं. म्हणून आधी डिस्क रजिस्टर केली आणि हे पोस्टातल्याच बाकावर बसून लिहितोय. पत्राला दोन दिवस, पार्सलाला तीन. मधला एक दिवस मला रागवायला तुझा. ते झाल्यावर पाहावंसं वाटलं तर पाहा, नाहीतर राहू दे. एकोणीसला संध्याकाळी मी येतोच आहे. दार उघडशील, एवढा लोभ शिल्लक असावा.

तुझा,
धाकटा

ता. क. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं होतं, आत फुटण्यासारखं काही आहे का. मी हो म्हणालो आणि पार्सल त्यांच्या हाती दिलं.