जेवल्या घराचं नाव

भूगाव,
२२ एप्रिल २०२५

ती. सुंदराताईस,
सिद्धूचा सा. न. वि. वि.

फोन बंद ठेवायला सांगितलं आहे, म्हणून पत्र. दूधवाले माऊलीभाऊ आणून देतील. मी सुखरूप आहे, हेमलताबाईंच्या घरी मागच्या खोलीत. धमक्या आलेल्या गाणाऱ्यांना, चित्रं काढणाऱ्यांना आसरा मिळवून द्यायचं काम या बाई करतात. माझ्याआधी इथं एक चित्रकार राहून गेला. त्यानं भिंतीवर कावळा काढून ठेवलाय. सोबतीला बरा आहे, मध्ये बोलत नाही.

जत्रेतल्या ओव्यांत मी खोटं काय गायलो, ते अजून कुणी सांगितलं नाही. मेंढरं धरणाच्या पाण्यावर न्यायची वाट हैबतरावांनी प्लॉटसाठी कुंपण घालून बंद केली, एवढंच गायलो. त्यांच्या पोरांनी ढोल फोडला आणि मीच देवाचा अपमान केला अशी तक्रारही त्यांनीच दिली. माफीचा व्हिडिओ दिला तर मिटवतो, असा निरोप आहे. मी देणार नाही.

बाई म्हणाल्या, ओवी रेकॉर्ड करून ठेवू आणि सगळ्यांना ऐकवू. तुझं नाव नको, चेहरा नको. काल केलं. बाईंना शेवट सगळ्यात आवडला, पुन्हा लावून ऐकला. तूही ऐक. इथल्या पोळ्या कागदासारख्या असतात, पण हे बाईंना कळवू नकोस.

माया आहेच, सध्या थोडी जास्त कर.
तुझा सिद्धू


मुळशी,
२६ एप्रिल २०२५

चि. सिद्धूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

सोनियाच्या फोनवर ओवी ऐकली. लेक माझ्याआधी रडली. मी मात्र शेवटाला घाबरले. अरे, तू काय गायलास ते आठव. ओवी संपवताना जेवल्या घराचं नाव घेऊन त्याचं भलं मागायचं, ही आपल्या आजापासूनची रीत. तू डोळे मिटून तेच केलंस: भूगावात टेकडीखाली, निळ्या फाटकाचं घर, देवा त्याला सुखी ठेव. बाईंना ते ओवीतलंच एखादं घर वाटलं असणार. धनगराला तो पत्ता आहे, आणि हैबतरावांची पोरं धनगरांतच वाढलीत. काल हॉटेलात ती शेवटचा तुकडा परत परत लावून ऐकत होती, असं माऊलीभाऊ सांगत होते.

पत्र मिळताच तिथून नीघ. कुठं गेलास ते मलाही लिहू नकोस.

काळजीत आहे, तरी आशीर्वाद पुरेसे आहेत.
सुंदरा


६ मे २०२५

ती. ताईस, सा. न.

गावाचं नाव लिहीत नाही. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी बाईंनी मला हलवलं. पुढच्या दोन-चार दिवसांतच पोरं निळ्या फाटकाशी आली. बाईंनी आत येऊ दिलं नाही, तर कुंड्या फोडल्या आणि फाटकावर काळं ऑइल ओतलं. पोलिसांनी तक्रार घेतली, पण गाणारा कुठं आहे हेच आधी विचारलं. बाई म्हणतात, फाटक रंगवायला झालंच होतं. मला मात्र घास उतरत नाही. त्यांच्याच घरी खाल्लं आणि त्यांच्याच दारात विस्तव नेला.

ती ओवी आता काढून टाकलीय. शेवट गाळून नव्यानं गा, असं सगळे म्हणतात. गायला बसतो, शेवटाशी येतो आणि तिथंच अडतो. नाव न घेता उठलो तर अन्न चोरून खाल्ल्यासारखं वाटतं, आणि ओवीत खोटं घर मला घालता येत नाही. ताई, हे गाणंच सोडावं असं वाटतंय.

तुझा सिद्धू


मुळशी,
११ मे २०२५

चि. सिद्धूस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी सोनियाला वाचून दाखवली नाही.

परवा हैबतराव स्वतः आले. ओट्यावर बसले, चहा मागितला, दिला. भावाला समजाव, देवाची गाणी गायला सांग, म्हणाले. मी म्हटलं, "दादा, मेंढरं बी देवाचीच हायेत. त्यास्नी पानी कुटं पाजू?" चहा अर्धा ठेवून गेले. तुझे दाजी मेंढरं घेऊन वरच्या माळावर आहेत. कुत्रं मोकळंच सोडते. भीती वाटत नाही असं लिहिलं तर तू हसशील.

पण माझं घर काही लपलेलं नाही. त्या ओट्यावर ते बसून गेलेत. म्हणून माऊलीभाऊंबरोबर डबा पाठवते आहे. ते बाईंना देतील, बाई तुला. नाचणीच्या भाकरी आणि ठेचा आहे. हातोहात पोचेपर्यंत भाकरी कडक होईल, तरी खा. त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या घरचं काही खाऊ नकोस. मग गायला बस आणि शेवटी माझ्या घराचं नाव घे: धरणाच्या काठी, बोरीच्या कुंपणाचं घर, सुंदराचं. त्यात खोटं काही नसेल. माळावर जाऊन दाजींना मी विचारलं आहे. त्यांनी मान डोलावली आणि काठीला नवी मूठ बसवायला घेतली.

पत्र लिहू नकोस, उगाच माग लागेल. डबा तेवढा रिकामा परत पाठव. तो आला की समजेन, गायलास.

तुझी ताई,
सुंदरा