बसण्याचं काम

४ फेब्रुवारी, सोमवार
शेवटी गेलो! चित्रकलेच्या कॉलेजात नुसतं स्टुलावर बसायचं. पोरं-पोरी मातीत माझं डोकं घडवतात. हलायचं नाही, शिंकायचं नाही. त्यांचे सर माझ्या मुलाहून लहान. म्हणाले, "काका, काय चेहरा आहे! नुसता अनुभव!" जन्मभर लाकडाला पॉलिश केलं, तेव्हा कुणी असं बोललं नाही. मुलाने तर दुकानातून उठवलं — "बाबा, तुमचा हात थरथरतो. गिऱ्हाईक बघतं." इथे हात थरथरला तरी चालतो. मान नको.

५ फेब्रुवारी
पाठ धरली. हिने तेल चोळलं. वर टोमणा — "बसून दमणारा माणूस पहिल्यांदाच बघितला!"

९ फेब्रुवारी, शनिवार
आज माझं डोकं बघितलं. बघायला नको होतं. गालांत खड्डे, गळ्याला पिशवी. हा मी? हे तर माझ्या बापाचं मढं! घडवणारी मुलगी खूश — "आजोबा, सुरकुत्या कसल्या भारी आल्यात!" तिला भारी. एके काळी मी रस्त्याने निघालो की बायका वळून बघायच्या. आमच्या लग्नात मामी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "राजहंसाच्या गळ्यात कावळी बांधली." खोटं नव्हतं.

१० फेब्रुवारी
केस काळे केले. मिशाही. दाढी तासली. दहा वर्षं गळून पडली! मुलगा म्हणाला, "बाबा, मुलगी बघायला निघालात का?" हसू दे.

११ फेब्रुवारी
सरांनी डोक्याला हात लावला. "काका, हे काय करून बसलात! पोरांचं काम अर्धं झालंय!" मी म्हटलं, जरा बरा दिसावा म्हणून... "बरं कुणाला हवंय इथे?" उद्यापासून येऊ नका, म्हणाले.
म्हणजे अनुभव होता तो केसांत होता! आत काय आहे, ते कुणी विचारलंच नाही. आता मुलगा म्हणणार, बाबांना बसायचंही जमलं नाही.

१३ फेब्रुवारी
हिला घेऊन गेलो. बाईमाणूस बघून सर विरघळतील, असा हिशेब. वाटेत पढवलं होतं — थोडी रड. ही कसली रडतेय! दारात नुसती उभी. आणि सर माझ्याकडे बघेचनात. "आजी, तुम्ही बसाल का?"
हात दाखवून अवलक्षण!
वाटलं, नाही म्हणेल. केस सारखे करत विचारते, "कुठे बसू?"
मी काका, ही आजी — एवढंच समाधान.

१६ फेब्रुवारी
मुलगा हिला स्कूटरवरून सोडतो. मला एक दिवस सोडलं नाही. दुपारचा डबा मी नेतो — चालत! सर म्हणतात, "आजी काय शांत बसतात! शिका काका." सगळे हिच्याभोवती. हिच्यात बघण्यासारखं काय आहे? मी जन्मभर बघतोय.

१९ फेब्रुवारी
डबा घेऊन लवकर पोचलो. मुलीने माप घ्यायला मोठा कंपास हिच्या डाव्या डोळ्याशी नेला. टोक अगदी पापणीजवळ. ही हलली नाही. मुलीने बाजूला येऊन हळूच विचारलं, "आजींना त्या डोळ्याने दिसत नाही का?"
मी म्हटलं, "छे! स्वच्छ दिसतं."
घरी येताना हिला विचारलं.
"पोरीच्या लक्षात आलं?" म्हणाली. "बरेच दिवस झाले की."
बरेच म्हणजे किती, ते विचारवलं नाही.