गव्हातलं दोन मूठ सोयाबीन

देवळी, शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९९७

हसू आवरत नाही. घरात अकरा माणसं. सगळ्यांना पुरेल एवढी डाळ रोज कुठून करायची? म्हणून डाळीची कसर पोळीतून भरून काढायला काल दळणाच्या डब्यात गव्हासोबत घरचंच दोन मूठ सोयाबीन टाकलं. गुपचूप. कारण मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, ठरलेलं, "सोयाबीन विकाचं असते, खाचं नाई."

डबा चक्कीवर गेला आणि मग आठवलं, सोयाबीन आधी भाजायचं असतं! नाहीतर पोळीला उग्र वास येतो. आज जेवणं होईपर्यंत जिवात जीव नव्हता. आणि मामाजींनी चक्क तिसरी पोळी मागितली. "आज पोळ्या नरम काऊन लागून राह्यल्या?" मी मान खाली घालून वाढत राहिले. पण वास कसा आला नाही?

भांडी आवरताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "कच्चंच टाकलं होतं न तू? मी गव्हातून एकेक दाणा वेचला, भाजला, मंग डबा चक्कीवर पाठवला."

पातेलं पुसत त्या पुढे म्हणाल्या,

"अन् दोन मुठीत अकरा जणाचं काय होते? मी अजून दोन टाकल्या. तुह्या मामाजीले सांगू नको."