सात दिवसांचे पाहुणे

१४ ऑक्टोबर, मंगळवार
बेकरीच्या वरची खोली

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना प्रभूमध्ये सलाम. आम्ही चौघं सुखरूप आहोत. चौघं म्हणजे हे, मी, थोरली आणि बारक्या. गाडीला धरलं तर पाच, कारण तिच्याही तब्येतीची चौकशी रोज करावी लागते. भाऊजींचे गुडघे कसे आहेत ते कळव. तू चष्म्याचा नंबर पुन्हा तपासलास का? तपासला नसशीलच.

हाताने लिहिलेलं पत्र पाहून तुला नवल वाटेल. गेली चार वर्षं तुझ्याकडे येतंय ते आमचं छापील प्रार्थनापत्रक. तीनशे घरांना जातं तसंच तुलाही, वर 'प्रिय बंधुभगिनींनो' घातलेलं. फोन करता आला असता, पण फोनवर मी समोरच्याला बोलू देत नाही असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे. एकाचं मत असतं तर मी मानलं नसतं.

आधी बातम्या सांगते. या वर्षात एकवीस मंडळ्यांमध्ये सभा झाल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, आमचं गाडीच्या टपावर. ह्यांचा आवाज आहे तसाच आहे. माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, आणि उपदेश अजूनही ठरल्यापेक्षा दहा मिनिटं लांबतो. मी अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर चढवला की आवरायचं, हे त्यांना आता कळतं. मुलांचा वर्ग माझ्याकडेच. फलालीनच्या फळ्यावर चित्रं चिकटवून मी गोष्टी सांगते ना, त्यातला योनाचा मासा झिजून झिजून इतकासा झालाय, की त्याने योनाला गिळलं हे मुलांना पटत नाही. उलट योनाच त्याला खाईल असं एका पोराने वर्गात सांगितलं. बारक्या चित्रं क्रमाने हातात देतो. थोरली गाते. तिला आता तेरावं लागलं. ह्यांच्या सुराखाली ती दुसरा सूर लावते, तेव्हा न रडणारी माणसंही खिशात रुमाल शोधतात.

मुलांच्या वळणाबद्दल तर विचारूच नकोस. तुला आमची रीत माहीत आहे. जिथे सभा असतील तिथलं एखादं कुटुंब आठवडाभर खोली देतं, जेवूखाऊ घालतं. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं आई म्हणायची. आम्ही सात-सात दिवस राहतो, तेही वर्षभर, तेव्हा अक्कल टिकवायची तर नियम हवेत. ताटात येईल ते खायचं, आणि नुसत्या तोंडाने नाही, चेहऱ्यानेही खायचं. आवडनिवड सांगायची नाही. दुसऱ्याचं कपाट उघडायचं नाही. दुखलंखुपलं म्हणून कुरकुर करायची नाही. निघताना चादरी काढून घडी घालायची; आपण गेल्यावर त्या खोलीत कोणी राहिलं होतं असं वाटता कामा नये. घराघरांतल्या बाया मला म्हणतात, अशी गुणी मुलं आम्ही पाहिली नाहीत. मी मान खाली घालून म्हणते, प्रभूची कृपा. मनात म्हणते, निम्मी माझी.

या नियमांवरूनच आपलं वाजलं होतं, हे मी विसरलेले नाही. तुझ्या टेबलावर थोरलीने साय असलेलं दूध बाजूला सारलं, मी तिला आत नेऊन समज दिली, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "पोरगी वळणाची नाही, घाबरलेली आहे." लागलं मला ते. पण मी उलटून एकही वावगा शब्द बोलले नाही, हे तूही मान्य करशील. प्रार्थना केली, निरोप घेतला आणि निघालो.

असो. इथे आम्ही एका बेकरीवाल्याच्या घरी आहोत. खाली भट्टी, वर आमची खोली, त्यामुळे जमीन पहाटेपासून कोमट असते आणि बारक्या चपला घालायला तयार नसतो. बेकरीवाल्या बाईंचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, असं बारक्याने त्यांनाच सांगितलं. खरं तर काल सोमवारी निघायचं होतं, पण थोरलीला कानाचा जरा त्रास झाला म्हणून मुक्काम लांबला. औषध चालू आहे. काळजीचं कारण नाही.

खालून जेवायला हाक आली. उद्या पुरं करते.

बुधवार

काल लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवलं. हे शांतपणे ऐकून म्हणाले, "छान आहे. पत्रकच झालं की. फक्त हाताने लिहिलंय."

मी रागावून खोलीबाहेर गेले. जिन्यात पिठाची पोती रचलेली आहेत, त्यातल्या एकावर बसले. मग उठून परत आले, कारण हे बरोबर बोलले होते. तेव्हा ताई, आता सरळ लिहिते.

रविवारी उपासनेत थोरलीचा सूर घसरला. एकदा नाही, तीनदा. मी अकॉर्डियनवरून तिच्याकडे ते माझे डोळे केले, जे तू लहानपणापासून ओळखतेस. तिने मान एका बाजूला कलती केली, ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओठ वाचून गाणं पुरं केलं. मला वाटलं, लक्ष नाही पोरीचं. घरी आल्यावर मी तिला तसं बोललेही. ती म्हणाली, "चुकलं, आई." एवढंच.

सोमवारी सकाळी चादरी काढायला बेकरीवाल्या बाई माझ्याबरोबर वर आल्या. थोरलीच्या उशीवर हात ठेवून म्हणाल्या, "ही ओली कशी?"

"पाणी सांडलं," थोरली म्हणाली.

बाईंनी उशी नाकाशी नेली. "पाण्याला असा वास येत नाही, पोरी. इकडे ये बघू, कान दाखव."

कानातून पू येत होता, ताई. उशीला डाग पडला तसा तिने पहाटे उठून अभ्रा साबणाने धुतला होता, पिळून पुन्हा ओलाच चढवला होता आणि त्याच्यावर डोकं ठेवून पडून राहिली होती. कशासाठी, तर बाईंना डाग दिसू नये म्हणून. आपण गेल्यावर कोणी राहिलं होतं असं वाटू नये म्हणून.

बेकरीवाला पिठाच्या हातांनीच आम्हाला गाडीत घालून कानाच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेला. ती तरुण आहे, पण बोलायला खमकी. तिने विचारलं, "किती दिवस दुखतंय?" थोरलीने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीण म्हणाली, "आईकडे नको पाहूस, कान तुझा आहे. किती दिवस?"

"नऊ."

म्हणजे मागच्या घरापासून. दोन घरं झाली आमची, पाच सभांमध्ये ती गायली, आणि मी तिची वेणी रोज घालत होते. रोज, ताई. त्याच कानावरून केस मागे घेत होते. ती हलायचीसुद्धा नाही.

पडदा फाटलाय. औषधाने भरून येईल किंवा काही महिन्यांनी छोटी शस्त्रक्रिया करावी लागेल. डाव्या कानाने आज तिला निम्मंच ऐकू येतं. ते किती परत येईल हे डॉक्टरीण आत्ता सांगत नाही, आणि खोटी आशा दाखवत नाही म्हणून मला ती आवडली. पण एक गोष्ट तिने बजावून सांगितली. पोरीला वर्षभर एका जागी ठेवा, दर महिन्याला एकाच डॉक्टरला दाखवा, धूळवारा नको.

परत येताना गाडीत मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं?"

"दुसऱ्यांच्या घरी कुरकुर करायची नाही ना. घरी गेल्यावर सांगणार होते."

"कुठल्या घरी?"

हे समोर बसले होते, त्यांनी मान वळवली. बेकरीवाला उगाच आरशात पाहत राहिला. थोरलीने खूप विचार केला. आमचं घर म्हणजे कोणतं, हे बारा वर्षांच्या मुलीला विचार करून सांगावं लागलं. मग म्हणाली, "मावशीच्या. तिथे नको म्हटलं तरी चालतं."

मी विचारलं, "अजून काय काय सांगितलं नाहीस मला?" ती म्हणाली, "बीट." तिला बीट आवडत नाही, ताई. कधीच आवडलं नाही. एकदा तिने कुणाकडे हसत हसत दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हापासून प्रत्येक घरी मी अभिमानाने सांगत आले की आमच्या थोरलीला बीट फार आवडतं, आणि प्रत्येक घरी बाया मायेने तिच्या ताटात बीटाचा डोंगर रचत आल्या. ऐकून हे हसले, तीही हसली. मीच तेवढी रडले, आणि रडणं हा माझा प्रांत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तू चार वर्षांपूर्वी दुधाच्या एका पेल्यावरून जे ओळखलंस, ते मला पू वाहायला लागल्यावर कळलं.

आता दुसरी गोष्ट. काल मी लिहिलं की तुझ्या घरी मी एकही वावगा शब्द बोलले नाही. ते अक्षरशः खरं आहे आणि म्हणूनच ते फार वाईट आहे. बोलले नाही, प्रार्थनेत म्हटलं. निघताना सगळ्यांना हात धरून उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, "प्रभू, माझ्या बहिणीच्या या रिकाम्या घराकडे पाहा. जिला तू लेकरू दिलं नाहीस, तिला निदान लेकरं वाढवणाऱ्या दुसऱ्यांना नावं न ठेवण्याची बुद्धी दे." शब्दन् शब्द आठवतोय मला. तुला उत्तर देता येणार नाही हे मला माहीत होतं. डोळे मिटलेल्या माणसाला कोण उत्तर देतं? माझ्या मुलांनी आमेन म्हटलं. तूसुद्धा म्हटलंस, कारण बाबांनी आपल्याला तसंच वाढवलं. मग तू गाडीत डबा ठेवलास, "सांभाळून जा" म्हणालीस आणि आत गेलीस. भाऊजी मात्र फाटकात उभे होते, हात न हलवता.

गाडी वळणावर आली तेव्हा ह्यांनी विचारलं होतं, "ती प्रार्थना होती का?" मी पुढचे दोन तास त्यांच्याशी बोलले नाही. पडलं तरी नाक वर, ही माझी जुनी खोड. आज विचारलं तर सांगेन, नव्हती. देवाचं नाव घेऊन मी तुला मारलं, आणि तेही जिथे सगळ्यात जास्त दुखेल तिथे. मी चुकले, ताई. हे मी डोळे उघडे ठेवून लिहितेय, आणि यावर तुला हवं तेवढं बोलता येईल. मी मध्ये बोलणार नाही.

हे लिहून झालं म्हणून आता मागते. थोरलीला वर्षभर तुझ्याकडे ठेवशील? तुझ्या गावात कानाचा चांगला डॉक्टर आहे, शाळा समोर आहे, आणि तिला तूच हवी आहेस. माफी आणि मागणं एकाच पत्रात आलं, यावरून तुला वाटेल की मी गरजेपुरती वाकले. कदाचित तसंही असेल. गरज पडली नसती तर मी किती वर्षं पत्रकं पाठवत राहिले असते, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आम्ही काम सोडत नाही. ते आमचं आहे, आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. दुसरा सूर मी लावेन; माझा बेसूर गळा ऐकून लोक निदान लवकर पश्चात्ताप करतील असं हे म्हणतात. मुलांचे नियम मात्र काल रात्रीच्या जेवणाला मोडले. बारक्याला सांगितलं, नको असेल ते नको म्हण. त्याने लगेच तीन पदार्थ आणि आंघोळ नाकारली. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, शिकतोय लवकर.

डॉक्टरणीला पुन्हा दाखवेपर्यंत, म्हणजे अजून दहा दिवस, आम्ही इथेच आहोत. तुला जमणार नसेल तर तसं कळव; कारण सांगायची गरज नाही. मग आम्ही कुठेतरी खोली घेऊ, मी तिच्याबरोबर राहीन, हे आणि बारक्या सभा सांभाळतील. पोरीला मी वाऱ्यावर सोडणार नाही, तेव्हा नकाराचं ओझं तू घेऊ नकोस. थोरलीनेच मला विचारलं, "मावशी नाही म्हणाली तर?" मी म्हटलं, "तर तिचा हक्क आहे."

आणि हो म्हणालीस तर एवढं ऐक. ती तुझ्याकडे राहील, म्हणजे रात्री-अपरात्री तिचं काही दुखलं तर ती आधी तुला सांगेल. मला नंतर कळेल. ते मला चालेल. चालेल असं लिहिलं खरं, पण चालणार नाहीये. तरी चालवून घेईन. तिने कोणाला तरी सांगितलं पाहिजे, ताई.

पत्राच्या शेवटी मी नेहमी आशीर्वादाचं वचन लिहिते. आज लिहीत नाही. तुझ्या घरासाठी काही मागायचा हक्क मी गमावला आहे. तू परत दिलास तर घेईन.

तुझीच,
धाकटी