न दुमडलेलं टोक

॥ श्री ॥

बागबाजार, कोलकाता
१८ ऑगस्ट २०२४

चि. अजेय यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पुडकं पाठवते आहे. आत फिल्मच्या बारा कॅसेट आहेत, सगळ्या छत्तीस-छत्तीस फोटोंच्या. धर्मतल्याच्या दुकानदाराने यंदा कृष्णधवल फिल्मचा शंभर फुटी डबा आणून दिला, तोही ताजा. सुटा रोल आठशेच्या घरात गेलाय रे! डबा घेऊन घरी भरला की निम्म्यात पडतो, वर भरणारीची पाठ फुकट.

बाथरूममधला दिवा घालवून, दाराच्या फटीत आईचं जुनं लुगडं कोंबून डबा फिल्म भरायच्या लोडरमध्ये बसवला. तेवढंच काय ते अंधारातलं काम. मग आम्ही दोघी उजेडात बसलो. मी दांडा फिरवत होते, आई मोजत होती. एकोणतिसावर तिला हटकून खोकला येतो, मग तीस झाले की एकतीस यावरून आमची जुंपते. ऐंशी पुरी झाली तरी हार मानेल तर शपथ.

बाबांचा नियम पुन्हा सांगते, कारण तुझा वेंधळेपणा मला ठाऊक आहे. कॅसेट परत भरायच्या असतात, म्हणून आपण फिल्म सगळी आत गुंडाळत नाही, टोक बाहेर ठेवतो. फोटो काढून झालेल्या फिल्मचं टोक दुमडायचं, कोऱ्या फिल्मचं सरळ ठेवायचं. मागच्या खेपेला धुवायला पाठवलेल्यांपैकी दोघींची टोकं सरळच होती. माझ्या लक्षात आलं म्हणून वाचलास. भरलेली कॅसेट उघडून बघता येत नाही. बघितली की उजेड लागून गेली. तिथे फक्त पाठवणाऱ्याच्या शब्दावर चालायचं असतं.

आई विचारते, दुर्गापूजेला येतोस ना? तिला फोनवर आता काही ऐकू येत नाही, त्यामुळे पत्रच लिही. मी मोठ्याने वाचून दाखवते.

माझी भावजय रुचा हिला आशीर्वाद. आमचा लोभ आहेच, तो येऊन घेऊन जा.

तुझी
ताई


नागपूर
२७ सप्टेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुडकं मिळालं. फिल्म सुरेख भरली आहेस, एकही ओरखडा नाही. तुझ्या पाठीला बाम लावायला तिथे कुणी नाही याचं वाईट वाटतं.

ताई, पूजेला येणं जमत नाही. शाखेचं इन्स्पेक्शन नेमकं ७ ते १५ ऑक्टोबर असं आलंय. साहेबांकडे दोनदा रजा मागितली, त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. आईला नीट समजावून सांग. डिसेंबरात नक्की येतो.

ती. आईस साष्टांग नमस्कार. रागावलीस तरी पत्र लिहिणं थांबवू नकोस.

तुझा
अजेय


बागबाजार, कोलकाता
१४ ऑक्टोबर २०२४

चि. अजेय यास आशीर्वाद.

काल विजयादशमीचे नमस्कार-चमत्कार झाले, संदेश खाऊन तोंड गोड केलं, पण जीव थाऱ्यावर नाही. आईचं काहीतरी बिनसलंय.

अष्टमीला सकाळी मी मांडवात देवीला पुष्पांजली वाहायला गेले होते. परत येते तो आई खिडकीशी उभी, पदर सावरलेला, चेहरा फुललेला. म्हणाली, अजेय आलाय, खाली गल्लीत उभा होता, गळ्यात कॅमेरा होता, पटकन चहा टाक. मी चपला न काढताच खाली धावले. गल्लीत पूजेचे ढाकवाले तेवढे ढोल टेकवून बिड्या ओढत बसले होते. वर येऊन तिला सांगितलं, अगं त्याचं इन्स्पेक्शन आहे, तो नागपुरात आहे. छे! ऐकेल तर आई कसली. तुझा कप मांडून दुपारपर्यंत बसून राहिली. शेवटी मी ओरडले तिच्यावर. सणाच्या दिवशी ओरडले, मलाच मेलीला चैन पडेना.

डॉक्टरांना घरी बोलावलं. म्हणाले, या वयात असं होतं, आणि गोळी दिली. ती घेऊन आई दिवसभर झोपते. जागी झाली की पुन्हा तेच.

तिला चार ओळी लिही, की तू आला नव्हतास. माझं ती ऐकणार नाही, तुझ्या शब्दावर तिचा भरवसा आहे. आणि कॅसेट उरल्या असतील तर पाठव. माझ्याकडची फिल्म संपली आणि दुकानदाराकडे नवा डबा यायला वेळ आहे. आईचे फोटो काढून ठेवावेत असं फार मनात येतंय.

तुझ्यावाचून इथे कुणाशी बोलू? माया ठेव.

तुझी
ताई


नागपूर
२१ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार काळजी वाटली. चार कॅसेट परत पाठवतो. तू भरल्यास तशाच आहेत, इन्स्पेक्शनच्या गडबडीत कॅमेऱ्याला हात लागला नाही. त्यात आईचे फोटो काढ. पुढचं आईला वाचून दाखव.

ती. आई, साष्टांग नमस्कार. मी अष्टमीला नागपुरातच होतो. तू पाहिलास तो दुसरा कुणी असेल, नाहीतर भास असेल. या वयात भास होतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गोळी वेळेवर घे, ताईला त्रास देऊ नकोस.

तुम्हा दोघींची कृपा राहू दे.

अजेय


बागबाजार, कोलकाता
९ जानेवारी २०२५

अजेय,

आईचं तेरावं करून निघताना तू रडत रडत तिचा शेवटचा फोटो मागितलास. मी म्हटलं होतं, फिल्म धुतली की पाठवते. काल धुतली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तू पाठवलेल्या चारांतली एक मी कॅमेऱ्यात घातली. टोक सरळ होतं. शिवाय कोरी आहे असं तू लिहिलं होतंस. मटार सोलताना, तेल लावून घेताना, उन्हात पाय पसरून बसलेली, असे छत्तीस फोटो मी आईचे काढले. बाकीच्या तीन उघडण्याआधी ती गेली. म्हणजे होते ते एवढेच.

काल फिल्म दोरीला लावून उजेडात धरली आणि मला वाटलं, आता मलाही भास व्हायला लागले. आईच्या हनुवटीवर मांडवाचे दिवे. तिच्या मटारांत ढाकवाल्यांचे हात. एका फिल्मवर दोनदा फोटो काढलेले! कमान यंदाच्या पूजेची, आपल्या बागबाजारच्या मांडवाची. मी रोज तिच्याखालून गेले आहे, मला नको शिकवूस. आणि बाविसाव्या फोटोत आई पलंगावर पडली आहे, आणि तिच्या छातीवर आडवी आपली खिडकी. खिडकीत आई. हात वर केलेला. खालून, गल्लीतून काढलेला फोटो.

म्हणजे ती खरं बोलत होती.

अरे, केसाने गळा कापलास माझा! साहेबांनी मान वर करून पाहिलं नाही म्हणे. तूच पाहिलंस ना मान वर करून, आणि वर पाहून फोटोसुद्धा काढलास! दोन जिने चढवले नाहीत तुला? जन्मदाती वरून हात करते आणि हा निघून जातो! आणि मी, शिकली-सवरलेली बाई, तुझ्या एका पत्राच्या जोरावर तिला खोटं पाडत राहिले. तिचे फोटो तू नासवलेस, त्याचं मी एक वेळ सोडून देईन. बाकीचं काय, ते तू सांग. पुन्हा खोटंच लिहायचं असेल तर तिकीट फुकट घालवू नकोस.

देवयानी


नागपूर
१८ जानेवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

खोटं लिहीत नाही. आमच्या फोटो क्लबची पूजेची सहल जूनपासून ठरलेली होती. तुमच्या जवळच, श्यामबाजारला हॉटेलात चार दिवस होतो. घरी आलो असतो तर तू आईला सहा महिने नागपूरला नेण्याचं काढलं असतंस. रुचाने नाही म्हणून सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही मन नव्हतं. ते तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून रजा मिळाली नाही असं लिहिलं.

अष्टमीला राहवलं नाही म्हणून गल्लीत आलो. लांबून एक फोटो काढावा आणि जावं, एवढंच मनात होतं. आईने मला ओळखलं. हात केला. मी वळलो आणि मांडवाच्या गर्दीत शिरलो.

त्यानंतर तुझं पत्र आलं. खरं लिहायला बसलो होतो, ताई. दोन कागद फाडले. मग वाटलं, आता खरं लिहिलं तर तिला जास्त लागेल. भास म्हटलं की सगळंच मिटेल. कोऱ्या कॅसेट पाठवताना फोटो काढलेली एक त्यात गेली, टोक दुमडायचं राहिलं.

तुझे पाय धरतो. मला क्षमा कर. आणि तो बाविसावा फोटो मला दे. जसा आहे तसा दे. माझ्याकडे तिचं दुसरं काही नाही.

तुझा अपराधी
अजेय


बागबाजार, कोलकाता
२७ जानेवारी २०२५

अजेय,

फोटो देणार नाही. मोठा करून इथे भिंतीवर लावला आहे. हे असं कसं झालं म्हणून येणारे-जाणारे विचारतात. मी खरं ते सांगते. वरचा फोटो मी काढला आणि खालचा तिच्या मुलाने.

तू आला नाहीस हे मी गिळलं असतं. नागपूरला न्यायचं नव्हतं, तर तसं म्हणायचं होतंस. चार दिवस भांडलो असतो आणि पुन्हा बोललो असतो. आईला जास्त लागू नये म्हणून खोटं लिहिलं म्हणतोस. तिला काय लागलं ते ऐक.

तुझं ते पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. तर तिने माझ्यापुढे हात जोडले. म्हणाली, चुकलं बाई माझं, अजेय म्हणतो म्हणजे भासच असणार, तुला उगीच घोर लावला. आईने मला हात जोडले, अजेय.

त्यानंतर ती खिडकीशी गेली नाही. एकेक गोष्ट विचारून घ्यायला लागली. बेल खरंच वाजली का. शेजारच्या काकू खरंच येऊन गेल्या का. भात खाल्ला की नुसतं वाटतंय. मी हसून उत्तरं द्यायची, कधी वैतागून द्यायची. तुझ्या शब्दावर तिने स्वतःचे डोळे सोडून दिले होते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

शेवटच्या सकाळी मी तिला चमच्याने पाणी पाजत होते. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, देवयानी, तू तरी खरी आहेस ना?

मी हो म्हटलं. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून घेतलं.

देवयानी